हयातीचा दाखला, निळ्या रंगात

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या फोटोंचे प्रकार ठरलेले असतात. सकाळी सूर्योदय, खाली सुविचार. दुपारी ताट, डावी-उजवी बाजू नीट वाढलेली. संध्याकाळी नातू. नातू ओळखू येतो, ताट ओळखू येतं आणि सुविचार वाचायचा नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे कुणाची अडचण होत नाही. पण घरात एखादा रीफवाला निपजला की चौथा प्रकार सुरू होतो. फोटो अख्खा निळा. त्या निळ्यात मध्येच काही हिरवं, काही शेंदरी, काही जांभळं पेटलेलं, आणि खाली एकच ओळ: ‘फायनली ओपन झाला!’ काय उघडलं ते कळत नाही. नवं दुकान समजून दोन काकू अभिनंदन करतात, एक काका ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहून मोकळे होतात, आणि मावशी विचारते, ‘‘फुलं छान आहेत रे, वास येतो का?’’

वास येतो. पण तो फुलांचा नसतो. त्याच्याकडे नंतर वळू.

आमच्या घरातला रीफवाला म्हणजे माझा भाचा. न्यू जर्सीत एडिसनला असतो. दिवसा एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री समुद्र. समुद्र चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. म्हणजे साडेचारशे लिटर पाणी, दगड आणि काच धरून अर्ध्या टनाच्या वर वजन. घर घेताना भाचेसुनेने स्वयंपाकघर पाहिलं, याने तळघरात जाऊन हॉलखालच्या तुळया मोजल्या. एजंटला वाटलं गृहस्थ इंजिनिअर आहेत, चौकस आहेत. चौकस वगैरे काही नाही, टाकी कुठे बसेल ते बघत होते.

त्याने ग्रुपवर खुलासा केला, ‘‘मावशी, ही फुलं नाहीत. हे प्राणी आहेत. प्रवाळ.’’

मावशीला प्रवाळ म्हणजे पोवळं आणि पोवळं म्हणजे मंगळ एवढंच ठाऊक. तिने खासगीत मला फोन करून विचारलं, ‘‘याच्या पत्रिकेत काही निघालं का?’’ मी सांगितलं की अंगठीतलं पोवळं वेगळं, हे वेगळं. हे चिमुकले, बिनपाठकण्याचे जीव. एकमेकांना चिकटून वसाहत करतात, पायाशी चुन्याचा सांगाडा घालतात, त्याचाच पुढे रीफ होतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं, उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. मावशी म्हणाली, ‘‘भाडेकरू मालकाला जेवायला घालतो? कुठल्या गावात?’’

आता हा फोटो निळा का, तेही त्याच शेवाळामुळे. समुद्रात खाली जाल तसा उजेडातला तांबडा रंग आधी पुसला जातो, निळा उरतो. त्या निळ्यावर जगायची सवय झालेले हे जीव. म्हणून टाकीवरचे एलईडी दिवे निळ्याकडे झुकलेले ठेवतात. शिवाय कित्येक प्रवाळांच्या अंगातली प्रथिनं निळा उजेड पिऊन हिरवा किंवा लाल परत टाकतात. यात थट्टेचं काही नाही. 1999 साली मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी अशाच, मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या जातीतून लाल चमकणारं प्रथिन वेगळं काढलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवून बघायला ते वापरतात. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे शास्त्र कुणी सांगितलेलं नसतं. तो एवढा निळा बघून गोंधळतो आणि सगळंच नीळ घातलेल्या धोतराच्या रंगाचं करून ठेवतो. त्यावर उपाय म्हणून भिंगावर लावायची नारिंगी काच मिळते. ती लावली की रंग डोळ्यांना दिसतात तसे येतात. न लावली तर रीफवाला फोटोखाली लिहितो, ‘प्रत्यक्षात फार सुंदर आहे.’ या एका वाक्याशिवाय रीफचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

फोटो काढण्याचा विधी प्रत्यक्ष बघण्यासारखा असतो. आधी लोहचुंबकाच्या घासणीने काच आतून घासायची. मग पाणी हलवणारे पंप बंद करायचे, म्हणजे प्रवाळांचे हात डुलायचे थांबतात. मग हॉलमधले दिवे बंद, टीव्ही बंद, पडदे ओढलेले, कारण काचेवर फोटो काढणाऱ्याचं पोट उमटतं. घरातल्या माणसांनी या काळात जागेवर बसायचं. फरशीवरून चाललं तरी मासे दगडामागे जातात. भाचा गुडघ्यावर, मोबाइल काचेला काटकोनात, श्वास रोखलेला. एवढ्यात एक गोगलगाय कुठूनतरी निघते आणि ज्या प्रवाळासाठी हे सगळं चाललंय त्याच्या बरोबर पुढ्यात काचेवर येऊन, पोट आपल्याकडे करून, तोंड उघडझाप करत उभी राहते. तिला घाई नसते. सून अंधारातून विचारते, ‘‘अरे, झालं का? कुकर लावायचाय.’’ फोटो येतो तो गोगलगायीचा. तोही ग्रुपवर पडतो.

या बाबतीत पूर्वसूरींचे हाल आणखी मोठे होते. 1893 साली विल्यम सॅव्हिल-केंट यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पुस्तक काढलं, त्यात प्रवाळांचे फोटो होते. पाण्याखाली कॅमेरा नेण्याची सोय नाही, म्हणून मोठ्या ओहोटीची वाट बघायची आणि प्रवाळ उघडे पडले की भरती येण्याआधी उरकायचं. 1926 साली फ्लोरिडाच्या समुद्रात लाँग्ली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला. उजेडासाठी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवत. एकदा पूड वेळेआधी पेटली आणि लाँग्ली चांगलेच भाजले. एवढं करून फोटो मिळाला तो एका माशाचा, आणि तो 1927 च्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आला. खाली ‘प्रत्यक्षात फार सुंदर आहे’ असं लिहिलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

फोटोत जे दिसतं त्यापेक्षा जे कापलेलं असतं ते जास्त असतं. टाकीखालच्या कपाटाचा फोटो कुणी पाठवत नाही. त्या कपाटात दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी खाली येतं, गाळून, तापवून किंवा गार करून परत वर जातं. तिथे नळ्या, वायरी, टायमर आणि एका पाटीला लावलेल्या सात पिना असतात. प्रत्येक वायरीला खाली वळसा दिलेला, म्हणजे ओघळ आला तर पाणी पिनेत न जाता जमिनीवर पडावं. आणि तिथेच तो प्रोटीन स्किमर असतो. हे यंत्र खाऱ्या पाण्यात बारीक हवेचे बुडबुडे सोडतं, माशांची घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि एका कपात जमा होते. काळपट हिरवा, दाट द्रव. मावशीने विचारला होता तो वास इथला. आठवड्यात कप भरतो. तो दोन्ही हातांनी, पाणी हिंदकळू न देता, हॉलमधून मोरीपर्यंत न्यायचा असतो. या मार्गावर पाहुणे बसलेले असतील तर घरात एक विशिष्ट शांतता पसरते. पाहुणे गेल्यावर ती सून मोडते.

फ्रीझरचा प्रश्न स्वतंत्र आहे. माशांचं खाणं म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या. भाच्याचं घर शाकाहारी. वरच्या कप्प्यात मटार आणि नारळाचा चव, खालच्या कप्प्यात मायसिस नावाची कोळंबी, मध्ये प्लास्टिकचं एक झाकण. भाच्याच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा त्यांनी ते झाकण पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि संकष्टीच्या मोदकांसाठी नारळ ताजा आणायला सांगितला. तेव्हापासून तळघरात दुसरा फ्रीझर आहे. ग्रुपवर त्याचाही फोटो आला होता: ‘नवीन इक्विपमेंट!’

खरी भक्ती आकड्यांत असते. खारटपणा लिटरला 35 ग्रॅम. तापमान 25-26 अंश. कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300, क्षारता 8 ते 9. प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि क्षारता ओढून घेतात, म्हणून रोज ती परत घालावी लागते. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची. खारं घातलंत तर खारटपणा वाढत जाणार. ते गोडं पाणीही नळाचं चालत नाही, चार गाळण्यांतून जाऊन निव्वळ शून्यावर आलेलं लागतं. भाचा रोज रात्री काचेच्या कुपीत पाणी घेऊन थेंब मोजतो. निळ्याचा गुलाबी होईपर्यंत थेंब टाकायचे, थेंबांवरून आकडा, आकडा वहीत. स्वतःची साखर त्याने दोन वर्षांपूर्वी तपासली होती, तीही विमा कंपनीने मागितली म्हणून. ‘‘तुझं कॅल्शियम किती?’’ असं त्याच्या आईने फोनवर विचारलं तर तो म्हणाला, ‘‘चारशे दहा. जरा कमी आहे.’’ माउली घाबरून डॉक्टरांकडे जायला निघाली होती.

आणि टाकीत पाणी भरलं की लगेच मासे सोडता येतात असं नाही. आधी चार-सहा आठवडे रिकामी टाकी चालवायची. दगडांत आणि वाळूत जिवाणू वाढू द्यायचे. ते घाणीतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये बदलतात. या काळात टाकीत दिसतं ते फक्त पाणी, दगड आणि तपकिरी शेवाळ. त्याचेही फोटो येतात. रोज. तपकिरी कालच्यापेक्षा गडद. ‘सायकल सुरू झाली!’ एका काकांनी हे वाचून ‘पाय दुखत असतील तर निलगिरीचं तेल लाव’ असा सल्ला दिला. आम्ही तो तसाच राहू दिला.

टाकीतल्या मंडळींची चरित्रं मात्र कुठल्याही मालिकेला पुरून उरतील. जोकर मासा, म्हणजे 2003 च्या सिनेमातला नीमो, जन्मतः नर असतो. घोळक्यातला सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो. ती गेली की तिचा नवरा यथावकाश मादी होतो आणि खालच्यातला एक बढती मिळून नवरा होतो. सिनेमात नीमोची आई सुरुवातीलाच जाते. शास्त्राप्रमाणे नीमोचा बाप पुढे आई व्हायला हवा होता. हे भाच्याने ग्रुपवर सविस्तर लिहिलं. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एका काकांनी सूर्योदय टाकला.

पिस्तूल कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण तिला खणता उत्तम येतं. गोबी नावाच्या माशाला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. दोघं एका बिळात राहतात. कोळंबी दिवसभर वाळू बाहेर काढत असते आणि एक मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघं आत. एक खपतं, दुसरं दारात उभं राहून लक्ष ठेवतं. हा फोटो पाहून आमच्या मामीने ‘अगदी आपल्याकडच्यासारखं’ असं लिहिलं आणि मामांनी तिला कशाबद्दल ते विचारलं नाही.

समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोनी, हे प्रकरण महाग आणि हट्टी. भाचा त्याला दगडावर छानशी जागा करून देतो. ते एका पायावर सरकत सरकत टाकीभर हिंडतं आणि पाहिजे तिथेच बसतं. वाटेत पंपाच्या जाळीत गेलं तर त्याचा कीस होतो आणि टाकीचं पाणीही नासतं. म्हणून ते चालायला लागलं की घरात रात्रपाळी लावतात. मँडरीन नावाचा मासा दिसायला पैठणीच्या काठासारखा, पण डोळ्यांना धड न दिसणारे पाण्यातले जीव दिवसभर टिपून खाल्ल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. नव्या टाकीत ते जीव नसतात आणि बाहेरचं तो बहुधा तोंडात घेत नाही. फोटोत सगळ्यात देखणा तोच येतो, आणि काही महिन्यांनी उपाशी जातोही तोच.

सगळ्यात जास्त अश्रू मात्र सफाई कोळंबीने काढले. एका सकाळी भाच्याचा फोटो आला: वाळूवर कोळंबी उलटी पडलेली, पांढुरकी, मिशांसकट. खाली ‘रेस्ट इन पीस’. ग्रुपवर ओळीने हात जोडलेले. कुणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही लिहिलं. संध्याकाळी दुसरा फोटो आला, त्यात तीच कोळंबी दगडावर बसून माशाचे कल्ले साफ करत होती. कोळंबी वाढताना कात टाकते आणि टाकलेली कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते. रीफच्या छंदातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा कातीला श्रद्धांजली वाहिलेली असते. इथेच मला या फोटोंचा अर्थ कळला. निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देतो. रीफवाला तोच दाखला रोज देतो, आणि तोही साडेचारशे लिटर पाण्यातल्या सगळ्यांच्या वतीने. फोटोखाली काहीही लिहिलेलं असो, मजकूर एकच: आज कुणी गेलं नाही.

कारण जायला कारण लागत नाही. बुधवारपर्यंत सगळं ठीक, गुरुवारी एक प्रवाळ पांढरा. रात्री झाकण अर्धवट राहिलं तर एखादा मासा उडी मारून जाजमावर. नव्या दगडाच्या फटीतून कुठलातरी खेकडा येतो आणि रात्री प्रवाळ कुरतडतो. तो पकडायला भाचा रात्री दीड वाजता लाल टॉर्च घेऊन टाकीसमोर बसलेला असतो. लाल उजेड या जीवांना फारसा जाणवत नाही. सुनेने काढलेला तो एकमेव फोटो मी पाहिला आहे: बनियन, कपाळाला टॉर्च, हातात लांब चिमटा. दगडावरचे नको असलेले जीव मारायला तो दगड उकळावा असं कुणाच्याही डोक्यात येऊ शकतं. ते मात्र कुणी करू नये. झोअँथिड नावाच्या जीवांच्या काही जातींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि असे दगड उकळून वाफेने घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं आहेत.

याच झोअँथिडांची नावं ऐकण्यासारखी असतात. बटणाएवढं रंगीत तोंड. त्याला ‘अटर केऑस’, ‘रास्ता’, ‘फ्रूट लूप्स’ अशी नावं आणि भाव तोंडागणिक. प्रवाळाचा तुकडा तोडून डिंकाने चिनीमातीच्या चकतीवर चिकटवला की तो फ्रॅग झाला. तो वाढतो, त्याचे पुन्हा तुकडे होतात. अमेरिकेत रविवारी शाळेच्या हॉलमध्ये यांची देवाणघेवाण भरते. भाचा तिथे ‘थोडे विकून खर्च वसूल करू’ असं म्हणून जातो आणि जास्त घेऊन येतो. अशा मेळ्यांतल्या फोटोंवर जाणकारांची टीका असते. चार फुटी टाकीत मोठा होणारा टँग मासा दिसला की ‘ही टाकी त्याला लहान आहे’ असं सांगणारे लगेच हजर होतात. इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्यांना टँग पोलीस म्हणतात. आपल्याकडे या कामाला वेगळं मनुष्यबळ लागत नाही, नातेवाईक असतात.

आता या छंदाच्या भारतातल्या शाखेबद्दल. वरळीला आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. खिडकीबाहेर अरबी समुद्र आणि खिडकीच्या आत जर्मनीहून आलेल्या मिठाची बादली. किनाऱ्याचं पाणी का वापरत नाही, असं विचारलं की ते शांतपणे समजावतात: गाळ, सांडपाणी, आणि पावसाळ्यात नद्यांमुळे उतरलेला खारटपणा. पटतं, पण खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे बघितल्यावर जरा त्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्याकडे मालवणचे एक काका मुक्कामाला आले होते. दोन तास टाकीसमोर बसले. नीट पाहून झाल्यावर म्हणाले, ‘‘ह्येंचां कालवण करतत काय रे?’’

‘‘नाही हो काका, हे शोभेचे.’’

‘‘मगे पाळलंस कित्याक?’’

याचं उत्तर त्या गृहस्थांनी अजून दिलेलं नाही.

उन्हाळा हा आपल्याकडचा वेगळा पेपर. बाहेर चाळीस अंश, पाणी मात्र सव्वीसवर ठेवायचं, म्हणून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि हॉलमध्ये सोडतो. मासे महाबळेश्वरला, माणसं जळगावला. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की एका ओळखीच्या घरात पहिलं धावणं टाकीकडे होतं. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्या घरात इन्व्हर्टर टाकीचा आहे. आजी अंधारात हातपंख्याने वारा घेतात आणि निळ्या उजेडात पोथी वाचतात. त्यांचं म्हणणं, अक्षर चांगलं दिसतं.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती थट्टेपलीकडची आहे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे घातले गेले. त्या अनुसूचीत वाघ आहे. म्हणजे मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणं हे कागदोपत्री वाघाच्या पंक्तीला हात घालणं आहे. कडक सांगाड्याचे सगळेच प्रवाळ साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परदेशातून आणायचे तर त्यांना कागद लागतात. म्हणून शहाणा भारतीय हौशी मानवनिर्मित दगड आणि मोजके मासे ठेवतो आणि कागदांची फाइल सांभाळतो. बाकीच्यांच्या फोटोखाली ‘कुठून आणलं?’ असा प्रश्न पडला की एरवी क्षारतेवर दहा परिच्छेद लिहिणारा माणूस फक्त अंगठा पाठवतो. त्या अंगठ्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 साली वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळांच्या वसाहती परवानग्या काढून, शास्त्रज्ञ लावून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. आणि तोवर बऱ्याच मुंबईकरांना हाजीअलीला प्रवाळ असतात हेच ठाऊक नव्हतं.

ही आपल्याकडची मजा आहे. 1951 पासून मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांनी काचेला नाक लावून समुद्र पाहिला, आणि मत्स्यालयासमोरचा रस्ता ओलांडला की असलेला समुद्र पाहायचा राहून गेला. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं एक पठार आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. एवढं सगळं दारात असताना आपण न्यू जर्सीतल्या गोगलगायीचं पोट बघून ‘वा!’ म्हणतो.

तरी म्हणा. रीफवाल्याला ‘वा!’ची गरज असते. पुढच्या वेळी निळा फोटो आला तर किंमत विचारू नका, कारण खरी किंमत त्याने घरात सांगितलेली नसते. काल दिसलेला मासा आज का दिसत नाही, हे तर अजिबात विचारू नका. नावाला ‘मस्त उघडलाय’ एवढं लिहा. काय उघडलंय ते कळलं नाही तरी चालेल, उघडणं ही त्या घरात चांगली बातमी असते.

आणि स्वतःला हे बघायचं असेल तर मीठ, चिलर, दुसरा फ्रीझर यातलं काही लागत नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम 2017 पासून लोकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजीअली, जुहू इथल्या किनाऱ्यांवर नेऊन समुद्रफुलं, खेकडे, स्पंज आणि झोअँथिड दाखवतो. सॅव्हिल-केंट यांनी जे ओहोटीला केलं तेच, फक्त कॅमेरा खिशात मावणारा. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असते. ती कळायला घरातलं पंचांग पुरतं. घट्ट पकडीचे बूट घाला, फोटो पाहिजे तेवढे काढा, घरी काही आणू नका. आणि एखादा दगड उचलून पाहिलात तर तो होता तसा, त्याच बाजूने खाली ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.